देव जेवल्याशिवाय

"दिवसात किती वेळा जेवता?" डॉक्टर मणेरांनी विचारलं.

"एकदाच," तात्या म्हणाले. आवाजात नुसती ऐट. "पाळीच्या वर्षी गुरवानं एकदाच जेवायचं असतंय. देव जेवला की मग आपण. रातच्याला दूध, न्हाईतर कायबाय."

डॉक्टरांनी वजनकाट्याकडं पाहिलं, मग तात्यांच्या पोटाकडं, मग माझ्याकडं. तालुक्याच्या गावी त्यांचा दवाखाना होता आणि आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्याच गोळ्यांवर चालत होती. समोरचा माणूस खोटं बोलतोय हे त्यांना चटकन कळायचं. पण तात्या खोटं बोलत नव्हते, हीच पंचाईत होती.

"एकदा जेवून हे वजन? मागच्या खेपेपेक्षा वाढलंय. साखरेचं तर बोलायलाच नको."

"देवाची कृपा."

"आणि प्रसाद?" मी मध्येच म्हणाले.

तात्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी भरल्या पंगतीत त्यांचं धोतर ओढलंय. "प्रसाद म्हंजे काय जेवान हाय व्हय?"

मग मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. सकाळी काकडा झाला की पेढा. नवसाचा नारळ फुटला की खोबरं आणि गूळ. कुणाच्या घरी नातू झाला, बर्फी. कुणी मोटारसायकल घेतली, तिच्या चाकाखाली लिंबू आणि गुरवाच्या हातावर जिलबी. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, आणि जे नाकारता येत नाही ते मोजायचंही नसतं, असा तात्यांचा हिशेब. सकाळपासून दुपार कलेपर्यंत माणूस गोडावर, आणि वर म्हणायचं, अन्नाचा कण पोटात नाही.

डॉक्टर हसले नाहीत. "तोंडातून आत जातं ते सगळं जेवण, तात्या. पोटाला प्रसाद कळत नाही."

"बरं, ऱ्हायलं. प्रसाद बंद," तात्या म्हणाले. "पर जेवायचं तेवढंच जेवतोय की मी. ते सकाळी खाल्लं काय आन चार वाजता खाल्लं काय. प्वाट तेच."

"पोट तेच, पण अंग तेच राहत नाही. दिवसभर कोरडं ठेवायचं, मग उन्हं उतरताना एकदम ताटभर घालायचं आणि लगेच आडवं व्हायचं, हे तुमच्या वयाच्या अंगाला झेपत नाही. तरण्या गड्याचं सोडा. तुमच्या गोळीला वेळेवर भाकरी लागते. सकाळी न्याहारी, दुपारी जेवण, दिवे लागले की थोडं काहीतरी. पोटाला नेम पाहिजे."

"नेम हाय की," तात्या म्हणाले. "देव जेवल्याबिगर न्हाई, ह्यो नेम."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघून हात टेकले. घरी येताना एस्टीत तात्या खिडकीशी बसून पेंगत होते आणि मी त्यांच्या डुलणाऱ्या मानेकडं बघत विचार करत होते, की आता ह्या माणसाला ह्या नेमातून सोडवायचं कसं.

मी तेव्हा गावच्या अंगणवाडीत सेविका होते. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी आले होते, आणि आई गेल्यावर मग कुठं जायचा प्रश्नच उरला नाही. गावातल्या पोरांची वजनं वाढावीत म्हणून सरकार मला मानधन देत होतं, आणि घरात तात्यांचं वजन उतरावं म्हणून मी जीव टाकत होते. दोन्हीकडचा काटा माझं ऐकत नव्हता.

आमच्या भावकीत भैरोबाची पाळी वर्षावर्षानं फिरते. ज्या घरी पाळी, त्या घरच्या गुरवानं वर्षभर देवाचं सगळं करायचं आणि देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वतः अन्नाला शिवायचं नाही. नैवेद्य आपल्या घरचा चालत नाही. पहिला मान पाटलांच्या ताटाचा. पाटलांच्या घरून भरलेलं ताट येतं, ते देवापुढं ठेवायचं, त्यातला अर्धा भाग गुरवाचा, आणि उरलेला प्रसाद म्हणून ताट परत पाटलांच्या घरी. लहानपणी मी पाहिलंय, सूर्य डोक्यावर आला की पाटलांचा गडी ताट डोक्यावर घेऊन हजर असायचा. पुढं गडी गेले, जमीन वाटली गेली, पाटलांनी गावाबाहेर गुळगुळीत फरशीचा बंगला बांधला. ताट यायचं थांबलं नाही, फक्त उशिरा येऊ लागलं. दुपार टळून जायची, देवळाच्या पायरीवरची सावली पार पलीकडं जायची, तेव्हा पाटलांचा नातू विश्वजित गाडीवरून एका हातात ताट सांभाळत यायचा. त्याच्या कानाला फोन. ताट खाली ठेवायचा आणि तोंडातून शब्द न काढता पायरीवर बसून राहायचा, ताट परत मिळेपर्यंत.

मला ह्या गोष्टीचा मनस्वी राग होता. पाटीलकी गेली, पण देवाला आणि गुरवाला ताटकळत ठेवायची खोड काही जात नाही, असं मी तात्यांपुढं बडबडायची. तात्या म्हणायचे, "तू गप. मोठ्या घरचं ताट हाय. येईल तवा येईल."

प्रसाद मात्र त्यांनी खरंच बंद केला. दिलेला शब्द ते पाळायचे, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच पाहिजे. लोकांनी हातावर ठेवलेला पेढा ते कपाळाला लावायचे आणि पंचाच्या सोग्यात बांधून पोरांना वाटायचे. मला वाटलं, चला, एवढं तरी जमलं. पण ह्यानंच घात केला. आधी निदान गोडाचं का होईना, पोटात काही जात होतं. आता काहीच जाईना.

एके दिवशी अंगणवाडी सुटल्यावर मी देवळात गेले. सभामंडपात कुणी नव्हतं. "तात्या" म्हणून हाक मारली, उत्तर नाही. गाभाऱ्याच्या उंबऱ्याच्या आत आमच्याकडं बायका जात नाहीत. मी आत कधी गेले ते मला आजही आठवत नाही. तात्या देवाच्या पायाशी कलंडले होते. अंग घामानं थबथबलेलं, हात थरथरत होते, डोळे उघडे पण ते मला बघत नव्हते.

मला डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, रक्तातली साखर उतरून असं झालं की लगेच तोंडात साखर. देवापुढच्या वाटीत कालची खडीसाखर होती. मी मूठ भरली आणि त्यांच्या तोंडाशी नेली.

"तात्या, तोंड उघडा."

त्यांनी दात घट्ट मिटले. मान हलवली. ओठ हलले तेवढेच. "देव... जेवला न्हाई."

"तात्या, मरताय तुम्ही! उघडा तोंड!"

"देव न्हाई जेवला."

काय करावं मला कळेना. मी ओरडले, रडले, त्यांच्या गालात बोट घालून बघितलं. म्हाताऱ्याच्या जबड्यात एवढा जोर कुठून आला होता कुणास ठाऊक. मग माझ्याच तोंडातून निघालं, "प्रसाद हाय तात्या. कालचा प्रसाद. देवानं दिलाय."

त्यांनी तोंड उघडलं.

खडीसाखर विरघळली तशी हळूहळू त्यांची नजर जागेवर आली. मी तिथंच फरशीवर बसून राहिले. तेवढ्यात विश्वजित ताट घेऊन आला, त्यानं आतलं दृश्य पाहिलं आणि फोन खिशात टाकून गाडी बोलवायला पळाला. एवढं मात्र त्या पोरानं केलं.

दवाखान्यात डॉक्टर मणेरांनी विचारलं, "गोळी कधी घेतली होती?"

"सकाळीच," तात्या म्हणाले. ते खाटेवर पडून होते, हाताला सलाईन. "तुम्ही सांगितलं तशी. चुकवली न्हाई."

"कशाबरोबर?"

"तीर्थाबरोबर."

"आणि खायला?"

"खायाचं कसं? देव जेवला नव्हता. गोळी म्हंजे काय अन्न न्हवं. म्हंजे देवाचंबी मोडलं न्हाई, आन तुमचंबी मोडलं न्हाई." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. दोघांचं राखल्याचं समाधान तोंडावर दिसत होतं.

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. "हे बघ शालन, गोळी बंद करता येत नाही. आणि असं पुन्हा झालं, त्या वेळी जवळ कुणी नसलं, तर माणूस हाती लागायचा नाही. मी घाबरवत नाहीये. देवाची वेळ बदला."

"देवाची वेळ माझ्या हातात नाही, डॉक्टर."

"मग कुणाच्या हातात आहे?"

"पाटलांच्या."

"मग त्यांना जाऊन सांग."

सांग म्हणणं सोपं होतं. गुरवाच्या लेकीनं पाटलांच्या दारात जाऊन ताट लवकर पाठवा म्हणायचं, हे आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. तात्यांना कळलं असतं तर त्यांनी मला उंबऱ्यातच अडवलं असतं. पण त्या गाभाऱ्यातल्या फरशीवर बसल्यापासून मी इतकी दमले होते की मला आता मानाची भीती वाटेनाशी झाली होती. दुसऱ्या दिवशी तात्या नको नको म्हणताना पुन्हा देवळात जाऊन बसले. भावकीतल्या एका चुलतभावाला मी त्यांच्याजवळ बसवलं, साखरेची पुडी त्याच्या हातात दिली, अंगणवाडी मदतनीस बाईंवर सोपवली आणि पाटलांच्या बंगल्याची वाट धरली.

रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होते. एकाहून एक जहाल. तुमचं ताट म्हणजे काय इंद्राचं ताट? एका म्हाताऱ्याचा जीव जाईल तेव्हा तुमच्या मानाला काय चाटायचं?

पाटलांच्या सूनबाई, उज्ज्वलावहिनी, ओसरीत मटार सोलत बसल्या होत्या. मी ताटाचं नाव काढताच त्यांचा चेहरा उतरला.

"माझ्याशी नको बोलू बाई, मागं जा. त्या करतात. आम्हाला शिवू देत नाहीत."

"कोण त्या?"

"आत्याबाई. आक्कासाहेब."

आक्कासाहेब म्हणजे विश्वजितची आजी. मला वाटत होतं, त्या केव्हाच्या अंथरुणाला खिळल्या असतील. कितीक वर्षांत त्यांना गावात कुणी बघितलं नव्हतं. बंगल्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली होती, धुणंभांडी करायची. तिथं एका स्टुलावर, ओलेत्या लुगड्यात, स्टोव्हसमोर आक्कासाहेब बसल्या होत्या.

"कोण? धोंडीरामाची शालन न्हवं तू? लांबच थांब गं, सोवळ्यात हाय मी."

मी दारातच थांबले. जुळवलेली वाक्यं तिथंच गळून पडली.

त्यांच्या हाताची बोटं एका अंगाला वाकली होती, पार कोयत्यासारखी. चपातीचा गोळा त्या बोटांनी नाही, मनगटानं दाबत होत्या. लाटणं बोटात धरता येत नव्हतं म्हणून तळव्याखाली ठेवून पुढं ढकलायच्या, मग थांबायच्या, श्वास घ्यायच्या, आणि पुन्हा मागं ओढायच्या. बाजूला वरणाचं पातेलं, भाताचं पातेलं, चिरलेला भोपळा. तो भोपळा चिरायला किती वेळ गेला असेल ह्याचा मी विचार केला आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"उशीर होतोय, ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "पहाटं उठते, आंघूळ करते, तवापासनं हेच चाललंय. हात ऐकत न्हाईत. धोंडीरामाला म्हणावं, जरा दम धर. आता निघलंच ताट."

"रोज तुम्हीच करता, आक्कासाहेब?"

"मग?"

"वहिनी आहेत की. त्या करतील."

"करंल की. ती वाईट न्हाई. पर एकदा का माझ्या हातनं सुटलं, की आठ दिवसांनी म्हणतील रोज कशाला, आमुशाला देऊ. मग म्हणतील सणाला देऊ. मग बंद." त्यांनी चपाती तव्यावर टाकली. ती अर्धी तव्यावर, अर्धी काठावर पडली. "आन मग धोंडीरामाचं काय?"

"तात्यांचं काय?"

"अगं, त्याची बायकू गेली. तू दिसभर त्या पोरांच्यात. त्येला कोण करून घालतंय? आमच्या ताटावरच जगतोय बिचारा. त्येच्या पोटासाठी मी रेटतीया बघ हे. न्हाईतर मला काय हौस हाय?"

मला एकदम रागच आला. मी घरी स्वयंपाक करत नाही की काय? मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण घरी मी केलेल्या स्वयंपाकाला तात्या पाळी लागल्यापासून दुपारी कधी शिवलेच नव्हते. म्हातारीचं चुकलं नव्हतं.

"तुम्ही जेवलात?" मी सहज विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"मी कशी जेवीन? देवाचा परसाद आल्याबिगर?"

"म्हणजे ताट परत आल्यावर?"

"व्हय की. येतंय की विशू घिऊन. दिवं लागायच्या आत दोन घास होतात. सवय झालीया." त्यांनी पदरानं घाम टिपला. गळ्याची हाडं वर आली होती. ब्लाऊज खांद्यावरून सुटून आला होता. वेळ दोघांची एकच होती, आणि त्याच वेळेनं तात्यांचं अंग फुगवलं होतं आणि ह्या बाईचं वाळवलं होतं.

मग मी सांगितलं. जहाल काही नाही. गोळी, गाभारा, मिटलेले दात, खडीसाखर, सगळं सरळ सांगितलं. त्या ऐकत होत्या. तव्यावरची चपाती जळायला लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"थांब थांब," त्या म्हणाल्या. "सकाळच्या पारी न्याहारी करत न्हाई त्यो?"

"देव जेवल्याशिवाय नाही करत."

"म्हंजे माझ्या ताटाची वाट बघत..."

"सकाळपासून."

आक्कासाहेबांनी स्टोव्ह बंद केला. बराच वेळ त्या आपल्या हातांकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "तू जा शालन." मी ताटाबद्दल काही विचारणार होते, पण त्यांचा आवाज असा होता की मी निघाले.

त्या दिवशी ताट नेहमीपेक्षाही उशिरा आलं.

संध्याकाळी तात्या खाटेवर पडले होते. मी त्यांच्या पायाला तेल चोळत होते. सांगू की नको असं करत करत शेवटी सांगूनच टाकलं, की मी पाटलांकडं गेले होते. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. तात्या छताकडं बघत राहिले.

"बघितलंस न्हवं हात?" ते म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"गेल्या पाळीला ठाऊक नव्हतं. ह्या पाळीला कळलं. ताट बोलतंय की. कवा भाजीत मीठ दोनदा पडतंय, कवा पडतच न्हाई. भोपळ्याच्या फोडी कशाबी. चपातीला काळं डाग. सूनबाईनं केलं असतं तर असलं ताट आलं नसतं. म्हटलं, आपण कशाला बोला? आपण लवकर धाडा म्हटलं, तर पोरं म्हणतील, आत्या, तुम्ही बसा, आम्ही करतो. मग ती म्हातारी पहाटं उठंल कशाला? तिला उठायला तेवढंच एक काम ऱ्हायलंय. मला काय, घटकाभर वाट बघायची."

"घटकाभर? तात्या, तुम्ही मेला असता."

"म्हाताऱ्या माणसानं कशानंतरी मरायचंच असतंय."

मला त्यांना हलवून हलवून विचारावंसं वाटलं, की तुमच्या ह्या मोठ्या मनात माझी जागा कुठं आहे? मी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "त्या पण जेवत नाहीत."

"कोण?"

"आक्कासाहेब. तुम्ही ताट परत धाडेपर्यंत पाण्यावर असतात. पहाटेपासून. त्यांना वाटतं, तुम्ही त्यांच्या ताटावर जगताय."

तात्या उठून बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं समाधान, कालपासूनचं, पार गेलं. "काय सांगतीस?" ते म्हणाले. मग पुन्हा, हळू, "काय सांगतीस..." रात्री त्यांनी दूधही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबरच देवळात गेले. त्यांना एकटं सोडायची आता माझी हिंमत नव्हती. देवाची आंघोळ झाली, तात्या चंदन उगाळत होते. कोवळं ऊन नुकतं पायरीवर आलं होतं. एवढ्यात देवळाच्या दारात जीप थांबली आणि विश्वजितनं आक्कासाहेबांना हाताला धरून खाली उतरवलं. त्यांच्या दुसऱ्या हातात, छातीशी आवळून धरलेलं, फडक्यानं झाकलेलं ताट होतं. ते त्यांनी विश्वजितला धरू दिलं नव्हतं.

तात्या चंदनाचं खोड हातात घेऊनच बाहेर आले. "आक्कासाहेब? तुम्ही? अशा?"

आक्कासाहेब पायरीवर बसल्या. फडकं काढलं. ताटात दोन भाकरी आणि दह्याची वाटी. बाकी काही नाही. भाकरी अशा वेड्यावाकड्या, की कुणी नवशिक्या पोरीनं थापल्या असाव्यात.

"एवढंच हुतंय आता माझ्यानं," त्या म्हणाल्या. "भात न्हाई, वरण न्हाई, चपाती न्हाई. पर ह्ये लवकर हुतंय. घे."

तात्यांनी हात पुसले आणि ताट उचलायला वाकले. "देवाला दावतो लगेच."

"देवाला न्हवं. तुला. तू आदी जेव."

तात्या वाकले होते ते तसेच राहिले. "असं कसं? देव..."

"देव उपाशी ऱ्हाऊन मरत न्हाई. तू मरतोस. परवा मरत हुतास. बस हितं."

"आक्कासाहेब, पाळी हाय माझी. आजवर कुणी..."

"मला शिकवू नगंस. तुझा बाप देवळामागच्या उंबराखाली बसून रोज सकाळी शिळी भाकरी हाणायचा. मी नवी नवरी हुते तवा पाणी द्यायला जायची त्याला. भैरोबानं काय त्याचं वाकडं केलं? नव्वदीला टेकून गेला."

तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आजोबांचा नेम म्हणजे आमच्या घरातला शेवटचा शब्द. विश्वजित तोंडावर हात ठेवून दुसरीकडं बघायला लागला. एरवी मलाही हसू आलं असतं. पण तात्या पायरीवर बसले आणि मान खाली घालून म्हणाले, "तुम्ही जेवलाय का?"

"माझं सोड."

"तुम्ही जेवल्याबिगर मी न्हाई खायाचा."

"आन तू खाल्ल्याबिगर मी पाणीसुदीक पेणार न्हाई. बघू कोण दमतंय."

दोघं बसले. ताट मध्ये. ऊन वर येत होतं. तात्यांनी सकाळची गोळी घेतलेली होती, आणि मला त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब दिसायला लागले. दोन म्हातारी माणसं, एकमेकांच्या पोटापायी उपाशी, दोघांपैकी एकही माघार घ्यायला तयार नाही. मला ह्या दोघांचा, त्या देवाचा, त्या मानाचा असा काही वीट आला की बोलायची सोय राहिली नाही. मी खाली बसले. एक भाकरी उचलली, मोडली, अर्धी तात्यांच्या हातात कोंबली, अर्धी आक्कासाहेबांच्या. वाकड्या बोटांत ती नीट धरेना म्हणून माझ्याच हातानं त्यांची मूठ मिटली.

"एकदम," मी म्हणाले. "दोघांनी एकदम. कुणी आधी नाही, कुणी मागून नाही. खा."

त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. आणि खाल्लं. तात्यांच्या तोंडात घास होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. भाकरीत मीठ नव्हतं, हे ते मला पुढं कधीतरी म्हणाले. दुसरी भाकरी आणि उरलेलं दही घेऊन तात्या आत गेले. आतून घंटा वाजली. भैरोबाचा त्या दिवशी तिसरा नंबर लागला.

पाळी संपेपर्यंत देव मग सकाळीच जेवला. भाकरी आणि दही. गावात कुजबूज झाली, भावकीनं नाकं मुरडली, एकानं तर गुरव बाटला असंही म्हणून घेतलं. आक्कासाहेबांनी निरोप धाडला, की मी वाढलं म्हणून तो जेवला, काय म्हणायचं ते मला येऊन म्हणा. कुणी गेलं नाही. पुढच्या खेपेला काटा बघून डॉक्टर मणेरांनी मला विचारलं, देवाची वेळ बदलली वाटतं? तात्या पुढं बरीच वर्षं जगले.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी तात्या आत गेले आणि मी पायरीवर सांडलेले भाकरीचे कण गोळा करत होते. अंगणवाडीत पोरं येऊन बसली असतील, खिचडी टाकायची होती. आक्कासाहेब विश्वजितच्या खांद्याला धरून उठल्या, जीपकडं निघाल्या, आणि मध्येच थांबून माझ्याकडं वळल्या.

"आन तू कवा जेवतीस गं?"

"मी?"

"तू. ह्यो चार वाजता जेवायचा, मग तू?"

"मी... तात्या जेवले की. अंगणवाडीत चाखते की खिचडी थोडी, पोरांना वाढताना."

"चाखणं म्हंजे काय जेवान हाय व्हय?"

मी काहीतरी म्हणायला गेले. म्हणायचं होतं, मला भूक नसते, सवय झालीय, माझं सोडा. आई गेल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मूठभर भाकरीचे कण हातात धरून मी देवळाच्या पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले.